चाचांनी पसंत केलेला बर्फ

हे जग निर्माण करायचं काम आमच्या समोरच्या चाचांकडे सोपवलं असतं, तर अजून जागाच पसंत पडली नसती. पण एकदा पडली असती, तर जे जग उतरलं असतं त्याबद्दल पुढे कुणाची तक्रार म्हणून राहिली नसती. हे मी एकदा त्यांच्या तोंडावर म्हटलं. तेव्हा त्यांनी दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या. "तौबा तौबा! वैनी, असं बोलू नये," म्हणाले, आणि मग थोडं थांबून, हळूच, "पण जेद्दाची ही दमट हवा मी ठेवली नसती, हे खरं."

चाचा आमच्या दारासमोरच्या दारात राहतात. आम्ही मूळचे नाशिकचे. माझा नवरा समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या प्रकल्पात इंजिनियर आणि मी इथल्या भारतीय शाळेत गणित शिकवते. चाचा रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे, आणि बंदराजवळच्या एका मोठ्या कोल्ड स्टोअरेजचे सुपरवायझर. कुठून कुठून जहाजाने आलेल्या कोंबड्या, मासे, मटार, असा एक गोठलेला डोंगरच्या डोंगर त्यांच्या ताब्यात असतो. आमच्या मुलाने लहानपणी त्यांना चाचा म्हणायला सुरुवात केली, त्याचं ऐकून मी म्हणू लागले, आणि आता भाजीवाल्यापासून इमारतीच्या राखणदारापर्यंत सगळे त्यांना चाचाच म्हणतात. दिवसभर गारठ्यात वावरणाऱ्या ह्या माणसाला बाहेरचा ऋतू मुळी लक्षातच राहत नाही. भर ऑगस्टात, डांबर वितळून चपलांना चिकटत असताना, चाचा कामावरून परततात ते लोकरीची कानटोपी घालून. नवा राखणदार आला तेव्हा त्याने दबक्या आवाजात माझ्याजवळ चौकशी केली होती, "मॅडम, चाचा को कोई बड़ी बीमारी है क्या?" मी म्हटलं, "नहीं भाई, नौकरी है."

पण कानटोपी ही काही त्यांची खरी खासियत नव्हे. खासियत म्हणजे पारख. चाचा वस्तू विकत घेत नाहीत, तिची मुलाखत घेतात. कलिंगडांच्या ढिगाशी ते उकिडवे बसतात, एकेक कलिंगड मांडीवर घेतात, टिचकी मारतात आणि कान लावून ऐकतात, जणू आत कुणी त्यांच्या ओळखीचं राहतं. येमेनी दुकानदार आधी हसायचा, मग वैतागायचा. हल्ली चाचा आले की तो हातातलं काम टाकून शेजारी येऊन बसतो आणि प्रत्येक टिचकीनंतर त्यांच्या तोंडाकडे आशेने बघतो. सोफा घ्यायला गेले तेव्हा दुकानातच त्यावर आडवे झाले आणि त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या भाभींनी, हलवून जागं केलं तोवर दुकानातले दिवे मालवायला सुरुवात झाली होती. "हाच घ्या," चाचा डोळे चोळत म्हणाले, "ह्याच्यावर स्वप्नंसुद्धा बरी पडतात." आणि लग्नासाठी मुलगी बघायला गेले तेव्हा म्हणे मुलीआधी त्यांनी तिच्या घरची विहीर बघितली. वाकून पाणी पाहिलं, रहाट फिरवून पाहिला आणि परत येऊन वडिलांना सांगितलं की पसंत आहे. ज्या घरचा रहाट कुरकुरत नाही त्या घरची माणसं एकमेकांशी नीट बोलतात. ही गोष्ट चाचा फार अभिमानाने सांगतात. ती संपली की भाभी चहाचे कप उचलता उचलता म्हणतात, "रहाटाला माझ्या बापाने आदल्या दिवशीच तेल घातलं होतं."

लोक हसतात, मीही हसते. पण आमच्या घरातला एसी चाचांनी पसंत केलेला आहे. त्या दिवशी दुकानातल्या प्रत्येक एसीखाली खुर्ची ठेवून ते डोळे मिटून बसत गेले होते. हा बडबडतो, हा घोरतो, ह्याच्या मनात काहीतरी वेगळंच आहे, असं एकेकाला बाद करत शेवटी कोपऱ्यातल्या एका साध्याशा एसीखाली ते बराच वेळ बसले आणि म्हणाले, "हा गप्प आहे. गप्प माणूस टिकतो." इमारतीतले बाकीचे एसी दर उन्हाळ्यात मेकॅनिकला बोलावतात. आमच्या एसीला मेकॅनिकचं तोंड माहीत नाही.

तर अशा माणसाच्या डोक्यात एकदा कुटुंबाला बर्फावर न्यायचं आलं.

ते आलं भाभींमुळे. त्यांची मुलगी सना तेव्हा बारावीत होती. ती माझीच विद्यार्थिनी, गणितात हुशार, आर्किटेक्ट व्हायचं म्हणून परीक्षेनंतर पुण्याला जाणार हे ठरलेलं. तिचा धाकटा भाऊ फैज सातवीत. आखातातल्या घरांचं हे एक असतं: बारावी झाली की मूल जातं, आणि मग पाहुण्यासारखं येतं. एका संध्याकाळी गच्चीवर चहा पिताना हवा अशी चिकट होती की पाण्याच्या बाटलीला घाम आणि आम्हालाही घाम. भाभी पदराने मान पुसत म्हणाल्या, "ताई, जन्मले तेव्हा घाम, लग्न केलं तेव्हा घाम, इथे आले तरी घाम. एकदा खऱ्या थंडीत उभी राहून माझे दात वाजलेले ऐकायचे आहेत मला. म्हणतात ना लोक, थंडीने दात वाजतात? खरंच वाजतात की उगीच?"

आम्ही सगळे हसलो. चाचा हसले नाहीत. भाभींनी लग्नापासून काही मागितल्याचं त्यांना आठवत नव्हतं, असं ते मला पुढे कधीतरी म्हणाले. दर सुट्टीला हे कुटुंब गावी जायचं; कधी नणंदेचं लग्न, कधी घराचं छप्पर, कधी कुणाचं आजारपण. नुसतं फिरायला म्हणून ते कधी कुठे गेलेच नव्हते. त्या संध्याकाळी चहा संपल्यावर चाचांनी मला विचारलं, "वैनी, तुमचा मुलगा पुण्याला गेला, त्याच्याआधी तुम्ही तिघं कुठे फिरून आला होता काय?"

"नाही हो," मी म्हटलं, "त्याची परीक्षा, मग ॲडमिशनची धावपळ. राहूनच गेलं."

"राहूनच गेलं," चाचा माझेच शब्द सावकाश म्हणाले, आणि कानटोपी चढवून जिना उतरून गेले.

दुसऱ्या दिवसापासून जगातल्या बर्फाची तपासणी सुरू झाली. सगळ्यांनी सोपे उपाय सुचवले. माझा नवरा म्हणाला, दुबईला जा, मॉलमध्ये बर्फ आहे, स्की आहे, सगळं आहे. चाचांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो बिचारा वर्तमानपत्रामागे गेला. "छपराखालचा बर्फ मी रोज बघतो, भाऊ. ते आमचं कोल्ड स्टोअरेजच, फक्त तिकीट लावलेलं." कुणी म्हणालं, इथेच उत्तरेला तबूककडच्या डोंगरात हिवाळ्यात बर्फ पडतो, गाडी काढायची आणि जायचं. चाचांनी तिकडच्या एका ट्रकवाल्याला गाठून खोदून खोदून विचारलं आणि नकार दिला: पडला तर पडला, नाही तर नाही, असल्या बर्फाच्या भरवशावर बायकोला नेता येत नाही. मी गुलमर्ग सुचवलं. तेव्हा त्यांनी हात जोडले. "वैनी, मुंबईला विमान टेकलं की आमच्या गावाला वास येतो. इंडियात येऊन गावी आलो नाही, असं कळलं तर माझी फुफी माझ्या मयतालासुद्धा येणार नाय."

मग तुर्कस्तान निघालं. चाचांचा न्हावी तुर्की होता आणि त्याचं गाव म्हणे बर्फाच्या डोंगराखालीच होतं. न्हावी खुर्चीत गिऱ्हाईक असल्याशिवाय बोलत नसे, म्हणून चाचा दर दोन-तीन दिवसांनी केस कापायला जाऊ लागले. हॉटेलं, उतार, बसगाड्या, सूप, सगळी माहिती मिळत गेली, आणि तुर्कस्तानचा अभ्यास पुरा झाला तेव्हा चाचांच्या डोक्यावर कापण्यासारखं काही उरलं नव्हतं. एवढं करून तिथल्या एका हॉटेलला त्यांनी आमच्या दिवाणखान्यातून फोन लावला. स्वतःच्या घरातून लावत नसत, कारण मुलांना लाज वाटायची. "मुलीची परीक्षा मार्चअखेर संपते," चाचांनी इंग्रजीत बजावलं, "तोपर्यंत तुम्ही बर्फ ठेवाल काय?"

पलीकडचा मॅनेजर हसून म्हणाला, "इन्शाल्ला."

चाचांनी फोन ठेवला. "इन्शाल्ला मी म्हणायचं," ते गंभीरपणे म्हणाले, "त्याने 'हो' म्हणायचं."

असे किती फोन झाले ते मी सांगत नाही. ह्या सगळ्या संभाषणांत माझ्या लक्षात एक गोष्ट आली. बाकी लोक स्कीइंगच्या ठिकाणी विचारतात की उतार किती लांब, लिफ्ट किती उंच, खोलीतून डोंगर दिसतो का. चाचा हे काही विचारत नसत. ते शेवटी एकच विचारत: "पडलेल्या माणसाला उचलायला कोण येतं?" एकाने विम्याचं सांगितलं. एकाने सांगितलं की पडण्याची जबाबदारी पडणाऱ्याची असते. एकाने एक नंबर दिला; चाचांनी तो लगेच फिरवून पाहिला तर तो कुणी उचलला नाही. "बघा," चाचा म्हणाले, "चढवायला सगळे तयार. उचलायला कोण नाय."

दरम्यान त्यांनी कुटुंबाची तयारीही सुरू केली होती. एका शुक्रवारी रीतसर परवानगी काढून ते आम्हा सगळ्यांना कोल्ड स्टोअरेजमध्ये घेऊन गेले. त्यांनी प्रत्येकाला गुडघ्यापर्यंत येणारा एकेक कोट दिला आणि कोंबड्यांच्या खोक्यांच्या दोन भिंतींमध्ये ओळीत उभं केलं. फैज तोंडातून वाफ सोडून ड्रॅगन झाला. सना म्हणाली, "अब्बा, धिस इज नॉट अ माउंटन. धिस इज चिकन." चाचांचं मात्र सगळं लक्ष भाभींच्या तोंडाकडे.

"वाजतायत?"

"नाय."

"अजून थोडं थांब."

थोड्या वेळाने भाभी म्हणाल्या, "ही थंडी नव्हे हो. हा फ्रिज आहे. इथे मला फक्त उद्या जेवायला काय करायचं ते आठवतंय." आणि बाहेर पडल्या. चाचांनी मान डोलावली. त्यांना ते पटलं होतं. थंडीसुद्धा मोकळी हवी.

शेवटी जॉर्जिया. आमच्याकडे इकामा, म्हणजे सौदीचा रहिवासी परवाना, असल्यामुळे तिथे जाणं सोपं, असं त्यांच्या ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं. तिथल्या गुदौरी नावाच्या डोंगरातल्या गावात मोठमोठी हॉटेलं होती. ती सोडून चाचांनी शोधलं काय, तर एका म्हाताऱ्या बाईचं गेस्ट हाऊस. त्याचा एकच फोटो मिळत होता आणि त्यात घर कमी आणि गायच जास्त दिसत होती. माझा नवरा म्हणाला, ह्याला एकही तारा नाही. चाचा फोटो मोठा करून म्हणाले, "गायीकडे बघा, भाऊ. पोट कसं भरलेलं आहे. जनावराला उपाशी ठेवत नाही ती पाहुण्याला काय ठेवणार?" त्यांनी फोन लावला. बाईंचं इंग्रजी आमच्या राखणदाराइतकंच. बर्फ राहील का? "यस." मार्च संपेपर्यंत? "यस, यस. एप्रिल." जेवायला भाजी, राजमा, बटाटे? "यस." मग चाचांनी घसा साफ केला आणि तो प्रश्न विचारला. बाईंना आधी कळलं नाही.

"हू फॉल?" त्यांनी विचारलं.

"माय डॉटर," चाचा म्हणाले. "ऑर माय वाइफ. ऑर मी."

मग बाई म्हणाल्या, "आय कम. मायसेल्फ."

चाचांनी फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळले. लग्नाच्या वेळी विहीर पाहून परतताना त्यांचा चेहरा कसा दिसला असेल, ते मला त्या क्षणी कळलं. "वैनी," ते म्हणाले, "पसंत."

आम्ही दोघांनीही त्यांच्याबरोबर जायचं असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं; एवढ्या शोधाला साक्षीदार पाहिजे, म्हणाले. राहिली सुट्टी. चाचांचे कफील, म्हणजे त्यांना इथे नोकरीवर ठेवणारे सौदी मालक, वृद्ध आणि मिश्कील गृहस्थ. ते चाचांना म्हणाले, "अरे, सगळ्या जेद्दाचा बर्फ तुझ्या हातात, आणि तू बर्फ बघायला परदेशी जातोस?" चाचांनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांनी दिलेलं उत्तरही सांगितलं: "इथला बर्फ मला सांभाळावा लागतो, शेख. तिथला कुणी दुसरा सांभाळेल. मी नुसता बघेन." कफीलांनी म्हणे हाताने निघ अशी खूण केली. "यल्ला. मुलांना घेऊन जा. आणि फोन बंद ठेव."

सनाचा शेवटचा पेपर झाला आणि आम्ही निघालो. तिबिलिसीच्या विमानतळाहून गाडी डोंगर चढू लागली तसा रस्त्याच्या कडेला आधी बर्फाचा चुरा, मग ढीग, आणि मग जिकडे बघावं तिकडे बर्फच. मुलं ओरडत होती. गेस्ट हाऊसपाशी गाडी थांबली तेव्हा चाचा सगळ्यांना "थांबा" म्हणून एकटे खाली उतरले. त्यांनी टाचेने बर्फ दाबला, मूठभर उचलला, दोन बोटांत चुरडला, वास घेतला, जिभेवर ठेवला. आम्ही काचांना नाक लावून निकालाची वाट बघत होतो. चाचा वळले आणि म्हणाले, "ताजा आहे. उतरा."

भाभी उतरल्या. डोंगरावरून वारा आला. त्या एकदम ताठ झाल्या, दोन्ही हात तोंडावर गेले, डोळे मोठे झाले, आणि मग त्या बोटांच्या फटीतून ओरडल्या, "वाजले! अहो, वाजले! ऐका, ऐका!" चाचा धावत आले आणि त्यांनी कान लावला. रस्त्यावरून स्की खांद्यावर टाकून चाललेली कुणी गोरी जोडी थांबून बघत राहिली. एक टक्कल पडलेला गृहस्थ आपल्या बायकोच्या गालाला कान लावून उभा आहे आणि दोघंही आनंदाने हसताहेत, ह्याचा त्यांनी काय अर्थ लावला असेल तो लावो.

दुसऱ्या दिवसापासून मुलांचं शिक्षण सुरू झालं. भाभी एका फुगवलेल्या रबरी चकतीत बसून छोट्या उतारावरून घसरत, वर चढत, पुन्हा घसरत. त्यांना जेवायला हाका माराव्या लागत. चाचांनी स्कीला हात लावला नाही. ते कोल्ड स्टोअरेजचाच जाड कोट घालून आले होते, पाठीवर चमकत्या पट्ट्या असलेला, त्यामुळे सगळ्यांना ते तिथले कर्मचारी वाटले. लोक येऊन त्यांना रस्ते विचारू लागले. चाचांनी कुणालाही नाही म्हटलं नाही. दुपारपर्यंत त्यांना सगळे रस्ते ठाऊक झाले होते, आणि संध्याकाळी पाहिलं तर लिफ्टची रांग ते सरळ करत होते आणि लोक मुकाट्याने सरळ होत होते. सना म्हणाली, "आंटी, प्लीज टेल हिम. पीपल आर थँकिंग हिम इन रशियन." तिच्या आवाजात तक्रार कमी आणि कौतुकच जास्त होतं.

पण सना उतारावर आली की चाचा रांग सोडून पायथ्याशी येत. पाय फाकवून, दोन्ही हात पसरून, विकेटकीपरसारखे उभे राहत. वरून सना ओरडे, "अब्बा, साइड में हो जाइए! आय कान्ट स्टॉप!"

"म्हणूनच उभा आहे!" चाचा खालून ओरडत.

व्हायचं ते झालं. तिसऱ्या दिवशी सना वेगात आली, तिला वळता येईना, चाचा हलेनात, आणि दोघं बाप-लेक एकमेकांना धडकून बर्फात गडप झाली. सना हसत उठली. चाचा उठले नाहीत. त्यांचा घोटा मुरगळला होता. बर्फात बसकण मारून, चेहरा पांढरा पडलेला असतानाही ते सनाच्या गुडघ्याला काही लागलं का ते विचारत होते. सनाचं हसू मावळलं. भाभी चकती टाकून धावल्या. मी गेस्ट हाऊसला फोन लावला.

आणि बाई आल्या. स्वतः. डोक्याला काळा रुमाल, पायात गुडघ्याएवढे बूट, मागे दोरीने ओढत आणलेली लाकडाची एक मोठी घसरगाडी. चाचांना काही न विचारता त्यांनी काखेत हात घालून उचललं, गाडीवर बसवलं, अंगावर गोणपाटासारखी घोंगडी टाकली आणि दोरी खांद्यावर घेतली. माझा नवरा आणि सना मागून ढकलू लागले. घोट्याच्या वेदनेने चाचांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तोंडावरचं तेज राजाचं होतं. रस्त्याने भेटेल त्याला ते गाडीवरून सांगत होते, "शी केम! हरसेल्फ!" आणि मागे वळून मला, "वैनी! बोललो होतो काय नाय?"

पुढचे दोन दिवस चाचा खिडकीजवळ पाय स्टुलावर ठेवून बसले. बाईंना मराठी येत नव्हतं, चाचांना जॉर्जियन. तरी दोघांचं गायीच्या दुधाबद्दल तासन् तास बोलणं चाले. सना पहिल्या दिवशी बाहेर गेलीच नाही. वडिलांच्या पायाशी बसून ती वहीत त्या घराचं चित्र काढत होती, छपराचा उतार, लाकडाची गॅलरी. मी चहा घेऊन गेले तेव्हा ती विचारत होती, "अब्बा, आप हटे क्यों नहीं? आय टोल्ड यू टू मूव्ह."

चाचा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हटायचं असतं हे डोक्याला कळतं, बेटा. पायांना कळायला वेळ लागतो."

सनाने त्यांच्या पायाखालची उशी नीट केली.

निघायच्या आदल्या सकाळी आकाश स्वच्छ होतं. बाईंची काठी घेऊन, लंगडत, चाचा उताराच्या पायथ्याशी आले. सना ह्या वेळी बरीच वरून निघणार होती. ती एवढीशी दिसत होती, लाल टोपीचा ठिपका. ठिपका हलला. मी चाचांच्या शेजारीच उभी होते. सवयीने त्यांचे हात वर यायला लागले. काठी बर्फात पडली. मग ते थांबले. हात त्यांनी कोटाच्या खिशात घातले, अगदी खोलवर, आणि दुखऱ्या पायाने दोन पावलं बाजूला सरकले. सना डावीकडे वळत, उजवीकडे वळत आली, आमच्यासमोरून गेली, बर्फाचा एक फवारा उडाला आणि ती उभी राहिली. आपली आपण. तिने मागे वळून पाहिलं. चाचांनी खिशातून हात काढले नाहीत, नुसती मान हलवली. मग इतक्या हळू म्हणाले की फक्त मला ऐकू यावं, "थांबता येतं तिला."

जेद्दाला परतल्यावर चाचांची कीर्ती इमारतीबाहेर पसरली. कुणाला कुठे फिरायला जायचं असलं की तो आधी त्यांना विचारतो. चाचाही न कंटाळता प्रत्येकाच्या बायकोची, आईची, मुलांची चौकशी करतात, आणि मगच ठिकाण सांगतात. हनिमूनला मालदीवला निघालेल्या एका मुलाला त्यांनी परावृत्त करून इथल्याच अबहाच्या थंड डोंगरात पाठवलं, कारण मुलीला बोट लागते हे त्या मुलालाच माहीत नव्हतं. दोघं अजून त्यांना मिठाई पाठवतात. मी इथे इतकी वर्षं शिकवते आहे, हुशार माणसं पुष्कळ पाहिली. पण समोरच्याला नेमकं काय हवं आहे हे त्याच्याआधी शोधून काढणारा, आणि त्यासाठी स्वतःचा वेळ, केस आणि घोटा खुशाल खर्च करणारा माणूस मी हा एकच पाहिला.

सना जुलैत पुण्याला गेली. समोरच्या दारातून येणारे आवाज कमी झाले. फैज आता अभ्यास करताना दार बंद करून घेतो. पुढच्या हिवाळ्यात मी चाचांना विचारलं, ह्या वर्षी कुठे? ते म्हणाले, "कुठे नाय. तिची सबमिशन्स आहेत." आणि विषय बदलला.

परवाच्या शुक्रवारी आम्ही चौघं समुद्रावर गेलो होतो. भाभींनी थर्मासमधून चहा ओतला. ऊन उतरलं होतं, पाण्यावर सोनेरी पट्टा पडला होता, आणि तेवढ्यात सनाचा व्हिडिओ कॉल आला. ती होस्टेलच्या खोलीत होती, केस पेन्सिलीने बांधलेले. थोडं बोलून झाल्यावर चाचा म्हणाले, "थांब, तुला समुद्र दाखवतो," आणि उठून पार पाण्याच्या काठच्या खडकांपर्यंत गेले. तिथे फोन हातभर पुढे धरून उभे राहिले. "हे बघ, इथे तू पडली होतीस, आठवतं? तो बघ, तो मासे पकडणारा म्हातारा, अजून येतो. आता सूर्य बघ, नीट बघ हां." ते समुद्राकडेच बघत बोलत होते, फोन सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे नेत होते, घाई नव्हती. मी त्यांना चहा द्यायला म्हणून मागून गेले आणि त्यांच्या खांद्यावरून मला फोन दिसला. स्क्रीन काळी होती. रेंज गेली असावी. कॉल कधीच तुटला होता.

मी तोंड उघडणार एवढ्यात मागून भाभींनी माझा हात धरला. नको, अशी मान हलवली. आम्ही दोघी चहाचे कप धरून तिथेच उभ्या राहिलो, सूर्य पुरता बुडेपर्यंत, आणि चाचा आपल्या मुलीला समुद्र दाखवत राहिले.